बाबांची मिशी आणि गळका मास्क

समुद्रकाठच्या, पोहण्याचं सामान भाड्यानं देणाऱ्या दुकानात भिंगरी स्टुलाला घट्ट धरून बसली होती. भिंतीवर ओळीनं टांगलेले, पाण्यात घालायचे काचेचे मास्क तिच्याकडे रिकाम्या डोळ्यांनी बघत होते. पोहण्याच्या टाकीत एकदा नाकात पाणी गेलं, तेव्हापासून ती तोंडही ओल्या फडक्यानंच पुसायची. आणि उद्या बाबांबरोबर समुद्रात खडकांजवळ मासे बघायला जायचं होतं. बाबांनी सुट्टीभर तोच जप लावला होता.

"पट्टा डोक्यामागे घालू नकोस," दुकानाच्या मावशी म्हणाल्या. लोकांना पाण्याखाली नेऊन सुखरूप परत आणण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. "मास्क नुसता चेहऱ्यावर टेकव. नाकानं हळूच श्वास आत घे. हं, आता हात सोड."

मास्क गालांना चिकटून तसाच राहिला.

"पडत नाही!" भिंगरी मास्कच्या आतून गेंगाणी ओरडली.

"म्हणजे हवा शिरत नाही. मग पाणीही शिरणार नाही. पाणी अडवते ती ही मऊ कड. पट्टा फक्त मास्क जागेवर ठेवतो. कडेखाली चार केस जरी अडकले, तरी पाण्याला वाट मिळते."

मग पोहताना पायात घालायचे, बदकाच्या पायांसारखे फिन्स आले. एका जोडीत बोटं दुमडली, दुसरीत टाच निसटली, तिसरी नीट बसली. मावशींनी पाण्यात श्वास घ्यायची नळी तोंडात धरायला दिली. भिंगरीनं फुसफुस श्वास घेतला आणि हळूच विचारलं, "पण पाण्यात घाबरायला झालं तर?"

"तर उताणं व्हायचं. मी देते ते जाकीट अंगात असलं की ते तुला तरंगत ठेवील. दुसरं कुणी घाबरलं तर त्याच्याजवळ जायचं नाही, घाबरलेला माणूस मिठी मारतो. तरंगणारं काहीतरी त्याच्याकडे ढकलायचं."

कोपऱ्यात दोरी लावलेला, पाण्यावर तरंगणारा एक नारिंगी फुगा होता. "बाबा, तो घ्या ना."

"हा भोपळा कशाला? मी आहे की!" बाबा हसले. पण लेकीचा चेहरा पाहून त्यांनी तो घेतला.

बाबांची पाळी आली. त्यांनी मास्क टेकवला, श्वास घेतला, हात सोडले. मास्क सरळ मांडीवर पडला.

"मिशी," मावशी म्हणाल्या. "नाकाखालून गळणार. निदान नाकाखालचे तेवढे केस काढा."

"मिशीला हात लावायचा नाही हं! ती माझ्याबरोबर भिंगरीच्या आईच्याही आधीपासून आहे. पट्टा घट्ट आवळतो, झालं."

"आवळल्यानं कड दुमडते. जास्तच गळेल."

"बघू," म्हणत बाबांनी स्वतःसाठी जाकीटही घेतलं नाही. भिंगरीला मात्र त्या रात्री मांडीवर पडलेला मास्कच दिसत राहिला.

सकाळी पाणी शांत होतं. भिंगरीनं तोंड पाण्यात घातलं. नाक कोरडंच राहिलं. खाली पिवळे मासे वळत होते. तिला हसू येणार, तेवढ्यात तिनं बाजूला पाहिलं.

बाबांच्या काचेत पाणी चढत होतं. त्यांनी पट्टा आणखी ओढला. पाणी डोळ्यांपर्यंत आलं. मग त्यांनी नाकानं श्वास घेतला असावा, कारण एकदम त्यांचे हातपाय वेडेवाकडे सुटले. नळी तोंडातून गेली. डोकं वर आलं, खोकलं, पुन्हा खाली गेलं.

"बाबा!"

तिला त्यांच्या गळ्यात पडायचं होतं. तिचे पाय त्यांच्याकडे वळलेही. मिठी मारतो, मिठी मारतो, असं मनात घोकत ती उताणी झाली. कमरेला बांधलेली फुग्याची दोरी सोडवताना बोटं ऐकेनात. अखेर फुगा सुटला. तिनं तो जिवाच्या आकांतानं ढकलला.

"धरा! बाबा, भोपळा धरा!"

एक हात हवेत आला, फुग्यावरून घसरला, नाहीसा झाला. पाण्यावर फक्त नारिंगी रंग डुलत राहिला. मग दोन्ही हात आले आणि त्यांनी फुगा छातीशी आवळला.

फुगा धरून पाय मारत काठाला आल्यावर बाबा किती तरी वेळ नुसते खोकत होते. भिंगरीचे दात वाजत होते. "मी घाबरलो गं," बाबा म्हणाले. असं बोलताना तिनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यानं ती आणखीच घाबरली.

संध्याकाळी न्हाणीघरातून एक अनोळखी माणूस बाहेर आला. भिंगरी दचकून मागे सरली. मग मिशी नसलेल्या त्या माणसानं बाबांच्या आवाजात विचारलं, "येतेस दुकानात?"

स्टुलावर बसून बाबांनी मास्क टेकवला, श्वास घेतला, हात सोडले. मास्क चिकटून राहिला.

"आता नाही पडायचा," मावशी म्हणाल्या. "आणि साहेब, यावेळी जाकीटही घ्या."

बाबांनी लगेच जाकिटाकडे हात केला. तरी भिंगरीनं मास्कखाली धरलेली ओंजळ काही मागे घेतली नाही.