पाटीवरून उतरवलेला मी आणि सग्डेनांची खुर्ची

दुकानाच्या पाटीवरून मला खरवडून काढण्यात ग्लेंडाचा फायदा काय होता, ते आधी सांगतो; नाहीतर तुम्ही तिला उगाच दुष्ट समजाल. लीड्सहून गाडी घेऊन येणारी गिऱ्हाइकं मिळणार होती. चर्चमधल्या बायकांत 'खुर्च्या ठोकणाऱ्याची मुलगी' ही ओळख पुसली जाणार होती. आणि तिच्या बापाची, म्हाताऱ्या एडविनची, लोकांच्या स्टुलांना पाय लावत बसण्यातून सुटका होणार होती. तिन्ही गोष्टी रास्तच. त्यात मी तेवढा कुठे बसत नव्हतो.

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे, इंग्रजी शब्द. माझं नाव मेंड. तुमच्याकडची डागडुजी ती माझी लांबची मावसबहीण. रफू आणि ठिगळ हे भाचे समजा. घराणं माझं फ्रेंच, पण इंग्रजांच्या स्वयंपाकघरात शिरताना 'अमेंड'मधलं पुढचं एक अक्षर गळून पडलं. ते शोधायला मी परत गेलो नाही. काम पडलं होतं.

शेकडो वर्षं राबलो. मोज्यांच्या टाचा, कोळ्यांची जाळी, मेंढ्यांच्या कुरणांच्या ढासळलेल्या भिंती. आजारी माणूस उठून चहा मागू लागला की यॉर्कशरमधली शेजारीण कुंपणावरून 'ऑन द मेंड' अशी माझंच नाव घेऊन बातमी देते. रविवारी सुई चालवणं पाप, तेवढीच काय ती सुट्टी; पण आजारी माणसं रविवारीसुद्धा बरी व्हायची. दमलो मी, खरंच. कुणी कौतुक केलं नाही, कारण माझं काम दिसतं. सांधा दिसतो, टाका दिसतो. तुटलं होतं, हे मी लपवत नाही.

भाऊबंद माझ्यापेक्षा हुशार निघाले. रिपेअर गॅरेजात लागला, अंगाला तेल लागलं तरी पगार बरा. रिनोव्हेट ज्या घरात शिरतो त्याच्या भिंती आधी पाडतो. आणि रिस्टोअर म्हणजे तुमचा जीर्णोद्धार. वस्तू केवढीही असो, येताना त्याला सनई-चौघडा लागतो. चर्चच्या खिडक्यांवर, जुन्या चित्रांवर त्याने सोन्यासारखं काम केलंय, नाही म्हणत नाही. पण वस्तूला तो पहिल्या दिवसाकडे न्यायला बघतो. मधली वर्षं त्याच्या लेखी मळ.

तर माझ्या जागी सोनेरी अक्षरांत तो आला. मागच्या अंगणात रंग उतरवणाऱ्या कॉस्टिक सोड्याची टाकी आली. त्या वर्षांत सगळ्या इंग्लंडला उघड्या लाकडाचं वेड लागलं होतं. आजोबांची रंगवलेली कपाटं, खुर्च्या त्या पाण्यात बुडवायच्या आणि हाडासारख्या पांढऱ्या करून काढायच्या.

एके सकाळी एना सग्डेन हातगाडीवर नवऱ्याची डुलती खुर्ची घालून आली. पाटी बदलली तरी बाईच्या तोंडी मीच होतो.

"खालची पट्टी तडकलीय गं. तेवढी मेंड करून दे. क्लिफर्ड सकाळपासून पलंगाच्या कडेवर बसलाय, कोंबडीसारखा."

"एवढंच? अहो मिसेस सग्डेन, हिच्यावर पाच थर रंग आहे! मी रिस्टोअर करते. पट्टीचेच पैसे द्या. आठवडाभर खिडकीत ठेवीन, मग तुमची."

"त्याला कुठे दिसतंय पोरी? डोळे जाऊन सहा वर्षं झाली."

"तुम्हाला तर दिसेल!"

"तू कशाला एवढा त्रास घेतेस..." एना पुटपुटली.

त्या मुलखात समोरून आलेल्या उपकाराला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. माणसं असं पुटपुटतात आणि समोरच्याने ओळखावं म्हणून वाट बघतात. ग्लेंडाने नाही ओळखलं. एडविनलाही गैर वाटलं नाही. उलट त्याने लेकीच्या खरवडायच्या पात्याला धार लावून दिली.

खुर्ची खिडकीत लागली तेव्हा माणसं थांबून बघत. "ही सग्डेनांची? आता बसायच्या आधी आंघोळ करावी लागणार!" एनासुद्धा दोनदा मुद्दाम त्या रस्त्याने गेली. कुणाला आवडणार नाही?

मग खुर्ची शेकोटीपाशी परत आली. क्लिफर्ड बसला. उजव्या हाताचा अंगठा लाकडावर पुढे गेला, मागे आला.

"ही कुणाची?"

"आपलीच. जोडून आणली."

"एना, मला डोळे नाहीत; बूड आहे अजून. माझी कुठे ठेवलीस?"

डोळे गेल्यापासून हा माणूस घर हातांनी बघत होता. खुर्चीच्या उजव्या हातावर त्याच्या अंगठ्याने वर्षानुवर्षं घासून एक खळगा पडला होता. अंगठा तिथे टेकला की शेकोटी समोर, खिडकी डावीकडे, चहाची तिवई कोपरापाशी. सगळं घर त्या खळग्यापासून सुरू व्हायचं. ग्लेंडाने तो प्रेमाने, बारीक कागदाने घासून सपाट केला होता.

एना खुर्ची घेऊन दुकानात परत गेली. "त्याला त्याची पाहिजे," म्हणाली. ग्लेंडाचा चेहरा उतरला. एडविनने गोल पटाशी घेतली आणि अंदाजाने खळगा कोरून दिला. घरी क्लिफर्डने अंगठा टेकला, थोडा वेळ ठेवला, उचलला.

"हा दुसऱ्याचा अंगठा आहे," म्हणाला.

एनाने तेव्हा मला पुन्हा हाक मारली. मी काय करणार, मित्रांनो? तुटलेलं मी सांधतो. घासून गेलेलं सांधायला हातात दोन टोकं तरी लागतात. म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच: एखादी वस्तू सुधारायला घ्याल तेव्हा ती कोण वापरतं, ते आधी विचारा, आणि त्याचं मोडलंय तेवढंच जोडा. बाकीचं त्याचं आहे.

आता शेवटची बेरीज. ग्लेंडाला लीड्सची गिऱ्हाइकं मिळाली, ती अजून येतात. एडविन दुपारचा झोपतो. एनाच्या पुढच्या खोलीत एक देखणी खुर्ची आहे, तिच्यावर चादर असते. आणि क्लिफर्ड स्वयंपाकघरात दाराजवळच्या ताठ खुर्चीवर बसतो, अंगात कोट घालून, पुढच्या बसने जायचं असल्यासारखा. सगळ्यांचं बिल त्याने भरलं. दुकानात तो एकदाही गेला नव्हता.