नळी हातभर लांब

तिने गळ्याचा रुमाल ओढून काढला आणि टेबलावर आपटला. कानाखालपासून कॉलरपर्यंत मान लाल झाली होती, खरबरीत. पापण्याही सुजलेल्या.

"वेल्डिंगच्या आर्कची झळ लागलीय तुला," मामा म्हणाले. ते वेल्डिंग शॉपचे फोरमन, पण सगळे त्यांना मामाच म्हणायचे. "रुमाल घट्ट बांधत जा."

"घट्टच बांधत होते, मामा. त्यानेच वाढलं. धूर आत शिरतो, घामात कालवला जातो आणि दिवसभर कातडीला चिकटून बसतो. डॉक्टर म्हणाल्या, स्टेनलेसच्या धुरातलं क्रोमियम तुम्हाला सोसत नाही. मलमाने तात्पुरतं बरं वाटेल, पण धुरात गेलात की परत उठणार."

"मग पॅकिंगला जा. पंख्याखाली बसून खोके चिकटव."

ग्राइंडरवरचा पोरगेला गडी फिसकन हसला.

वेल्डिंगची टॉर्च हातात यायला तिला दोन वर्षं लागली होती. तोवर नुसतं झाडणं आणि पत्रे उचलणं. तिने सरळ कपाटामागून धूर ओढायच्या मशीनची नळी बाहेर काढली. तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं होतं, ते बोटाने काढून टाकलं.

"ते मशीन मी बंद करून ठेवलंय," मामांचा आवाज चढला. "धुराबरोबर आर्गॉन गॅसही ओढतं. जोडावरचं गॅसचं पांघरूण उडालं की जोडात भोकं पडतात. आपली टाकी गळली तर गिऱ्हाईक माझी कॉलर धरणार, तुझी नाही."

"भोकं पडली तर उद्यापासून खोके चिकटवते."

"बघ हं. शब्द दिलायस."

तिने नळी अगदी जोडाजवळ लावली, हेल्मेट तोंडावर पाडलं आणि आर्क पेटवला. काच वर केली तेव्हा जोडावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती.

"ताई, खोके आणून ठेवू?" ग्राइंडरवाल्याने विचारलं.

"आधी स्वतःचं तोंड पुस, मग बोल."

तिने जोड घासून साफ केला. मामा घड्याळ बघत म्हणाले, "भोकं पडली, झालं की आता."

"चांगला जोड दिल्याशिवाय नाही उठणार. नंतर खुशाल पॅकिंगला पाठवा."

मामा हलले नाहीत. तिने नळी मागे घेतली, आणखी मागे, बाजूला हातभर लांब आणि थोडी वर. पुन्हा आर्क. रोज मनगटावरून चढून हनुवटीखाली घुसणारा धूर क्षणभर जागीच घुटमळला, मग कलला आणि नळीकडे सरकत गेला. जोडाजवळ गॅस शांत होता. ती शेवटपर्यंत हात न थांबवता गेली.

जोड निवल्यावर मामांनी लाल रंग मारला, थांबले, पुसला, वर पांढरा फवारा मारला. भोक असेल तिथून लाल वर येतो. सगळे वाकून बघत राहिले. ग्राइंडरवालासुद्धा.

पांढरं पांढरंच राहिलं.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. जोडावरून अंगठा फिरवला.

"हातभर म्हणजे तुझा हात की माझा?"

"माझा. तुमचा थोडा जास्त होईल."

"हं. उद्या ही नळी माझ्या टेबलापर्यंत पोचते का बघू."

ग्राइंडरवाला जागेवर गेला. त्याचं मशीन किंचाळायला लागेपर्यंत मामा तिथेच उभे राहिले, मग कॉलरखाली स्वतःची मान खाजवत, तिच्याकडे न बघता म्हणाले,

"त्या तुझ्या डॉक्टरीणबाई... संध्याकाळी किती वाजेपर्यंत असतात?"