प्रवीणचा वेगवान डेटाबेस

पहिला दांडा प्रवीणच्या जबड्यावर बसला. भरदुपारी, आलापल्लीच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, तोंडाला दुपट्टे बांधलेली सहा माणसं घुसली होती. दोघांनी रंजीताला भिंतीशी दाबून धरलं. एकानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्याच्या मागच्या बोथट बाजूनं, कॉम्प्युटर फोडला. मग त्याच तुंब्यानं टेबलावर दाबून धरलेले प्रवीणचे दोन्ही हात ठेचले. हाडं मोडल्याचा आवाज रंजीतानं ऐकला.

"आता कर नोंदी," तो म्हणाला.

नोंदी सागाच्या चोरतोडीच्या होत्या. बारा ग्रामसभांची माणसं तोडलेल्या झाडांचे फोटो, जागा आणि तारखा पाठवत. प्रवीण आणि रंजीता ते सगळं डेटाबेसमध्ये ठेवत. चार दिवसांनी गडचिरोलीत वनविभागापुढे त्यावर सुनावणी होती.

नक्कल रंजीताच्या घरी पेनड्राइव्हवर होती, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती उघडेना. दीड वर्षापूर्वी प्रवीणनं सगळीकडे चालणारा डेटाबेस सोडून नवा घेतला होता. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड कुणालाही वाचायला खुला. रंजीता तेव्हा भांडली होती.

"जुन्याले सारे ओळखतेत ना, भाऊ. काऊन बदलता?"

"हा दहापट पयते. लोकं काय, मेंढरावानी एकामागं एक जातेत."

आता ती इंटरनेटवर उत्तर शोधत होती. नेमकी हीच अडचण कुणीतरी दोन वर्षांपूर्वी मांडलेली सापडली; खाली एकही उत्तर नव्हतं. हा नवा डेटाबेस बनवणारे प्रोग्रामर दोघंच. एकानं काम सोडलेलं, दुसऱ्याचा मेलला जवाब नाही. चंद्रपूरच्या दवाखान्यात तिनं प्रवीणला विचारलं. तारेनं बांधलेल्या जबड्यातून तो बोलू पाहत होता, तर ओठांतून रक्तच आलं. नर्सनं तिला बाहेर काढलं.

शेवटी तिनं दीड वर्षापूर्वीची, जुन्या डेटाबेसची नक्कल काढली आणि गोंडपिपरीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मावसबहिणीकडे, निशाकडे गेली. निशानं ती पंधरा मिनिटांत उघडली.

"हे तर आमाले शिकवतेत, ताई. अन् अडलं तं हजार जणांनी आधीच इचारून ठेवलं हाये."

रंजीताला रडू फुटलं. प्रवीण ज्यांना मेंढरं म्हणाला होता, त्यांनीच एकमेकांसाठी ही वाट मळून ठेवली होती.

सुनावणीत नऊशेपैकी तीनशेच झाडं दाखवता आली. जुन्या तोडीवर गुन्हा दाखल झाला. दीड वर्षातली तोड कागदावर आलीच नाही. बाहेर पायऱ्यांवर एकजण हसला.

"बाकीचे झाडं कुठी गेले, बाई?"

'आता कर नोंदी' म्हणणारा तोच आवाज. हातातली स्टीलची बाटली तिनं त्याच्या तोंडावर हाणली, तो कोसळल्यावर पुन्हा हाणली. पोलिसांनी दोघांनाही धरलं. नाकातलं रक्त पुसत तो शिव्या देत होता. रंजीतानं श्वासही न घेता त्याच्याविरुद्ध तक्रार लिहून दिली.

सुटून आल्यावर ती निशाला घेऊन जंगलात गेली. राहिलेले सहाशे बुंधे पहिल्यापासून मोजायचे होते.