पुस्तक कशाला म्हणायचं

परीक्षेला आठवडा उरला असताना लॉ कॉलेजच्या फलकावर सूचना लागली, आणि ती वाचून रेनाटा सॅडोव्स्कीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. करारकायद्याच्या पेपरला पाठ्यपुस्तक आणि स्वतःची टिपणं सोबत ठेवता येतील; मात्र दोन्ही कागदावरच हवीत, कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण चालणार नाही.

आता यात रागावण्यासारखं काय, असं अ तुकडीतल्या कुणालाही वाटलं असतं. त्यांच्याकडे पुस्तक होतं. विटेएवढं जाडजूड, कडेला रंगीत चिठ्ठ्या लावलेलं, पानापानावर पिवळ्या-गुलाबी रेघा मारलेलं. रेनाटाच्या ब तुकडीला पुस्तक दिलंच नव्हतं. ऑगस्टमध्ये, पहिल्याच दिवशी, डीन लिंडक्विस्टबाईंनी व्यासपीठावरून एक चपटी पाटी उंच धरली आणि म्हणाल्या, "हेच तुमचं पुस्तक. वह्यादप्तरांचं ओझं संपलं." टाळ्या पडल्या. प्रत्येकाच्या हातात एकेक ई-रीडर आला. कॉलेजच्या जाहिरातीसाठी फोटो काढायचा ठरला, तेव्हाही त्यांना रेनाटाच सापडली. वय छत्तीस, पदरात एक मुलगा, नोकरी सोडून वकील व्हायला निघालेली, अमेरिकेतल्या टोलिडो शहराच्या पोलिश वस्तीतली बाई. दारातच तिचा हसरा फोटो लागला, हातात पाटी.

आणि आता त्याच फोटोच्या शेजारी ही सूचना. म्हणजे हे लोक कायदा शिकवतात, आणि स्वतःच्या दोन कागदांचा एकमेकांशी मेळ आहे की नाही एवढंही बघत नाहीत.

रेनाटाने बारा वर्षं विमा कंपनीत काढली होती. लोकांचे दावे फेटाळणारी पत्रं लिहायचं काम. 'कलम अमुकनुसार आपला दावा मान्य करता येत नाही.' त्या पत्रांचा वीट आला म्हणून ती इथे आली होती, तीही शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्तीची अट साधी होती: वर्षाअखेर वर्गाच्या वरच्या अर्ध्यात राहायचं. नाही राहिलात तर चालते व्हा. इथे गुण एकट्याच्या अकलेवर मिळत नाहीत. दोन्ही तुकड्यांचे पेपर एकत्र ताडायचे आणि क्रम लावायचा. एक वर सरकला की दुसरा खाली. आणि सबंध सत्राची मदार एकाच पेपरवर. शिष्यवृत्ती गेली तर रेनाटा पुन्हा त्याच विमा कंपनीच्या दारात उभी राहणार होती, दुसरी वाटच नव्हती.

तशी ती पाटी पहिल्यापासूनच डोक्याला ताप होती. प्रोफेसर व्हिटकोम्ब वर्गात आले की कुणालाही उभं करत आणि उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न विचारत. "पान तीनशे बारा, खालून दुसरा परिच्छेद. मिस सॅडोव्स्की, न्यायाधीश काय म्हणतात?" पाटीला पानंच नव्हती. तिच्यावर नुसते टक्के.

"कुठल्या पानावर आहात तुम्ही, मिस सॅडोव्स्की?"

"एकोणचाळीस टक्क्यांवर, प्रोफेसर."

वर्ग खो-खो हसला. व्हिटकोम्बही हसले. तिला हसू आलं नाही. ती खाली बसली आणि त्या दिवसापासून रोज रात्री मुलगा झोपला की प्रत्येक खटल्याखाली पाटीवरच्या बारीक बटणांनी टिपणं लिहीत गेली, बोटं दुखेपर्यंत. तिचं सगळं सत्र त्या पाटीत होतं.

सूचना वाचून ती तडक डीनबाईंच्या खोलीत गेली.

"बसा ना, रेनाटा. कॉफी?"

"कॉफी नको. पुस्तक हवंय."

लिंडक्विस्टबाई गोड हसल्या. असं हसणं त्यांना छान जमायचं. "नियम जुना आहे हो. पाट्या यायच्या आधीचा. आम्हाला त्याची जाणीव आहे."

"मग बदला."

"प्राध्यापक मंडळ बदलतं. त्यांची बैठक जानेवारीत."

"पेपर डिसेंबरात आहे."

"टिपणं छापून घ्या की."

"घेतली. थोडीशी छापली आणि पाटी म्हणाली, प्रकाशकाने ठरवलेली मर्यादा संपली. माझीच टिपणं, आणि मर्यादा प्रकाशकाची. पुस्तक घ्यायला दुकानात गेले तर दुकानदार म्हणतो, कॉलेजने अ तुकडीपुरतीच मागवली होती."

"ग्रंथालयात एक प्रत आहे."

"ती ग्रंथालयाबाहेर नेता येत नाही. आणि तिच्यात माझी टिपणं नाहीत."

बाईंनी हात पसरले. "मी तुमच्या बाजूचीच आहे, रेनाटा."

हे वाक्य रेनाटाने फोनवर हजार लोकांना ऐकवलं होतं. ते कधी वापरतात हे तिला नेमकं ठाऊक होतं. ती उठली आणि दार न लावता बाहेर पडली.

घरी येऊन तिने वही घेतली आणि पाटीवरची टिपणं हाताने उतरवायला बसली. चार धडे उतरवून झाले. आठवडाभर घासलं असतं तर पुष्कळसं हातात आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी एलियट प्रेंटिसने सगळ्या तुकडीला पिझ्झाच्या दुकानात बोलावलं.

एलियट म्हणजे ब तुकडीचा लाडका. बाप वकील, आजोबा न्यायाधीश, आणि स्वतः इतका गोड बोलणारा की माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवून खालून शिडी काढून घेईल आणि वर हात हलवून टाटाही करेल. रेनाटाशी त्याचं छान जमायचं. तिला तो 'मॅडम एकोणचाळीस' म्हणायचा आणि ती त्याला 'छोटे साहेब'.

"हे बघा," तो म्हणाला, "आपण सगळ्यांनी पाट्या आत न्यायच्या. वाय-फाय बंद करायचं आणि टेबलावर उघड ठेवायच्या. लपवाछपवी नाही. अख्खी तुकडी कोण बाहेर काढतंय?"

"मी तर वहीत उतरवायला घेतलंय," रेनाटा म्हणाली. "हाताशी असलेलं बरं."

"अगं, तिथेच तर तू चुकतेस. उद्या दाद मागायची वेळ आली तर पहिला प्रश्न काय येईल? नुकसान काय झालं? तुम्ही हाताने सगळं उतरवून काढलंत, म्हणजे तुमचं नुकसानच झालं नाही. मग दाद कसली मागता?"

टेबलाभोवतीच्या सगळ्या माना डोलल्या. कायद्याचं पहिलं वर्ष म्हणजे असंच असतं. माणूस जेवायला बसला तरी वरण सांडल्याचं नुकसान कुणाच्या माथी मारायचं ते आधी बघतो. मुद्दा इतका सुबक होता की त्यातला वेडेपणा एकालाही दिसला नाही. आपली हरकत शाबूत राहावी म्हणून त्या सगळ्या शहाण्यांनी उतरवणं थांबवलं. रेनाटानेही वही मिटली. तिच्यासारख्या बारा गावचं पाणी प्यायलेल्या बाईने मिटली, याचा तिला पुढे सगळ्यात जास्त राग आला.

"म्हणजे ठरलं?" एलियटने विचारलं.

"ठरलं," सगळे म्हणाले.

"ऐनवेळी शेपूट घालायचं नाही हं, मॅडम एकोणचाळीस."

"तू तुझं सांभाळ, छोटे साहेब."

पेपरच्या दिवशी ब तुकडी आपल्या दालनात बसली. अ तुकडी शेजारच्या दालनात. दोन्हीकडे नऊच्या ठोक्याला सुरुवात. उत्तरं तेवढी लॅपटॉपवर लिहायची. परीक्षेचं सॉफ्टवेअर सुरू झालं की लॅपटॉपमधलं बाकी सगळं कुलूपबंद. देखरेखीला गॅलोवे नावाच्या बाई होत्या. त्यांनी चष्मा लावून सूचना वाचल्या. पाट्या, फोन, घड्याळं, सगळं पिशवीत घालून भिंतीशी ठेवा. न ठेवल्यास सचोटीच्या नियमांखाली नोंद होईल.

ती नोंद म्हणजे पोरखेळ नव्हे. पुढे सनदेसाठी अर्ज केला की राज्याची समिती विचारते, कधी अशी नोंद झाली होती का? आणि मग वर्षानुवर्षं खुलासे देत बसा.

कुणी हललं नाही. टेबलांवर सगळ्या पाट्या होत्या. रेनाटाला क्षणभर फार बरं वाटलं. मग एलियट उठला. त्याने आपली पाटी उचलली, भिंतीशी जाऊन पिशवीत टाकली, आणि त्याच पिशवीतून करारकायद्याचं पुस्तक बाहेर काढलं. छापील. कडेला रंगीत चिठ्ठ्या लावलेलं, वापरून वापरून फुगलेलं. असं पुस्तक एका आठवड्यात तयार होत नाही.

तो तिच्या शेजारून परतला. "चुलतभावाचं आहे," तो हळूच म्हणाला. "ठेव ना तू पण पाटी तिकडे, उगाच कशाला."

त्याच्या मागे एकेक जण उठला. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. भिंतीशी पिशव्यांची रांग लागली आणि सगळे जागेवर येऊन बसले. रेनाटाचे कान तापले होते. पाटी तिथे ठेवून यायची आणि आठवेल ते लिहायचं, एवढं साधं होतं. पण तिला ते करवेना.

"मॅडम," गॅलोवेबाई म्हणाल्या, "तुमची राहिली."

"हे माझं पुस्तक आहे. पुस्तक चालतं असं तुमच्याच कागदावर लिहिलंय."

"मला यातलं काही ठरवता येत नाही. प्रोफेसरांना बोलावते. तोवर तुम्ही लॅपटॉपला हात लावायचा नाही."

"आणि वेळ?"

"वेळ दोन्ही दालनांची एकच. ती थांबत नाही."

घड्याळ सुरू झालं. दालनभर बोटं चालू लागली. रेनाटा हात मांडीवर ठेवून बसली. व्हिटकोम्ब यायला बराच वेळ लागला. आले ते कॉफीचा कप घेऊन. त्यांनी सगळं ऐकलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच भाव आले जे वर्गात एखादा खटला आवडला की येत. कुणाच्या भाकरीचा प्रश्न आहे, हे त्या चेहऱ्याच्या गावीही नव्हतं.

"बरं, मिस सॅडोव्स्की. तुमचा मुद्दा काय?"

"मुद्दा हा की ऑगस्टमध्ये कॉलेजने सांगितलं, हेच तुमचं पुस्तक. दुसरं दिलं नाही, विकायला ठेवलं नाही. आता पुस्तक चालेल म्हणता आणि हे चालणार नाही म्हणता. दोन्ही कागद तुमचेच. तुमच्या लिहिण्यात गोंधळ असेल तर त्याचा भुर्दंड लिहिणाऱ्याने सोसायचा की ज्याने विश्वासाने ऐकलं त्याने? हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"सुंदर. पण समजा, उद्या कुणी फोन आणला आणि म्हणालं, यातही पुस्तक आहे?"

"फोन तुम्ही दिला नाहीत. हे तुम्ही दिलंत."

"आणि समजा, विद्यार्थ्याला नियम आधीच माहीत होता, तरी तो गप्प राहिला?"

"मी गप्प नव्हते. सूचना लागली त्याच दिवशी डीनबाईंकडे गेले होते. प्रोफेसर, पेपर चालू आहे."

"हो हो. अजून एकच. समजा..."

असे त्यांचे 'समजा' चालूच राहिले. एकाला उत्तर दिलं की दुसरा तयार. ती उभी होती आणि तिचा आवाज चढत होता. तिच्या डाव्या हाताला एलियटची बोटं कीबोर्डवर सरसर चालली होती. मध्येच तो थांबला, पुस्तकातलं एक पान उलटलं, पुन्हा लिहू लागला.

शेवटी व्हिटकोम्बनी कॉफीचा घोट घेतला. "मान्य. ब तुकडीला पाटी हेच पुस्तक. वाय-फाय बंद करून ज्याला हवी त्याने घ्यावी."

खुर्च्या सरकल्या. सगळी तुकडी भिंतीकडे धावली आणि आपापली पाटी घेऊन आली. एलियटही गेला. त्याने पाटी पुस्तकाच्या शेजारी मांडली. आता त्याच्याकडे दोन्ही होती.

"आणि माझा गेलेला वेळ?" रेनाटाने विचारलं.

"तो रजिस्ट्रार कार्यालयाचा विषय," व्हिटकोम्ब म्हणाले. ते खरोखर खूश दिसत होते. "अर्ज करा. मुद्दा फार छान मांडलात तुम्ही. वर्षभरात इतका छान कुणी मांडला नव्हता."

ते गेले. रेनाटा बसली. पहिला प्रश्न तिने वाचला आणि तो तिला येत होता. दुसराही येत होता. पाटीवर तिची टिपणं होती, हवी तिथे, हवी तशी. तिने असं लिहिलं की तिचं तिलाच नवल वाटलं. तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त गुण होते. तो तिने वाचून काढला, उत्तर डोक्यात जुळवलं आणि पहिलं वाक्य लिहायला घेतलं, तेवढ्यात गॅलोवेबाई म्हणाल्या, "हात वर." सॉफ्टवेअर आपोआप बंद झालं.

बाहेर पडवीत सगळी तुकडी तिच्याभोवती जमली. कुणी पाठीवर थोपटलं, कुणी म्हणालं, तू होतीस म्हणून वाचलो. कुणीतरी आजची बिअर आपल्याकडून असं जाहीर केलं. वर्गाच्या वरच्या अर्ध्यात आता कोण जाणार आणि त्यांच्या जागेसाठी कोण खाली येणार, हे त्यांच्यापैकी प्रत्येकाला कळत होतं. तरी ते हसत होते, आणि मनापासून हसत होते.

एलियट गर्दीतून पुढे आला, पुस्तक काखेत. "मानलं तुला, रेनी," तो म्हणाला. "जिंकलो आपण."

"आपण?" ती म्हणाली. "मी बोलत होते तेव्हा तू लिहीत होतास."

त्याने खांदे उडवले. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. "पेपर चालू होता गं."

"हो," रेनाटा म्हणाली. "माझाही चालू होता."