वळणावरचा माणूस

लव्हॉननं मोटरसायकलच्या पंक्चर झालेल्या मागच्या चाकात रबरी पट्टी खुपसली, वरचं टोक कापलं आणि हातपंप मारायला घेतला. घळीच्या तांबड्या भिंती तव्यासारख्या तापल्या होत्या. सफरीला निघालेली मोटरसायकलवाल्यांची टोळी कधीच पुढे गेली होती. सगळ्यांत शेवटी राहायचं काम तिचंच, त्यामुळे मागून कुणी येणार नव्हतं. पुढे मात्र एकजण तिची वाट बघत उभा असणार होता. तिचा नवरा, मर्ल.

टोळीचा नियम साधा होता. फाटा आला की म्होरक्याच्या मागचा गडी तिथं थांबणार, हात करून बाकीच्यांना रस्ता दाखवणार आणि शेवटची मोटरसायकल येईपर्यंत जागचा हलणार नाही. वळणावरच्या माणसाशी कुणी हुज्जत घालत नसे. हा नियम पूर्वी मर्लनंच घालून दिलेला.

सकाळी नाश्त्याच्या वेळी म्होरक्या गार्थनं तिला बाजूला घेतलं होतं.

"मर्ल बरा आहे ना गं? आज कुठं जायचं, म्हणून पुन्हा पुन्हा विचारतोय."

"टर उडवतोय तुझी. इतक्या वर्षांत एवढंही कळत नाही होय?"

गार्थ हसला. "म्हातारा काही सुधारायचा नाही. राहू दे मग माझ्याच मागे."

मर्लचं विसरणं आता वाढतच जाणार, हे डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं. तिनं ते टोळीतच असलेल्या मुलीला, जोलीनलासुद्धा सांगितलं नव्हतं. एवढी एक सफर त्याला मानानं करू दे, मग बघू, असं तिनं ठरवलं होतं.

हवा भरून ती निघाली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. कशासाठी थांबलोय तेच विसरून तो भलतीकडे निघून गेला असला तर? घळ संपली, माळ उघडा पडला आणि लांबवर फाट्यापाशी त्याची निळी मोटरसायकल दिसली. मर्ल ताठ उभा होता, हात लांब करून. तिला रडूच आलं.

"या बाईसाहेब," तो म्हणाला. "वाटेत झोप काढलीत काय?"

"पंक्चर झालं रे. पाणी प्यायलास का?"

"ड्यूटीवर कसलं पाणी? सगळे गेले बघ. जोलीन शेवटी गेली. म्हणत होती, पेट्रोल जेमतेम गावापुरतं आहे. म्हटलं, जा बिनधास्त."

त्याचा हात अजून खाली आला नव्हता. लव्हॉननं त्या दिशेला पाहिलं. गाव उजवीकडे होतं. उजवीकडच्या मातीत एकाच गाडीच्या चाकांची ताजी खूण होती, गार्थच्या. हात डावीकडे होता. तिकडे मिठाचं कोरडं तळं, त्यापलीकडे बंद पडलेली खाण आणि मग काहीच नाही. बाकी सगळ्या खुणा तिकडे गेल्या होत्या.

तिनं फोन काढून पाहिला. रेंज नव्हती.

"बरोबर उभा राहिलो ना गं?" मर्लनं विचारलं.

"हो रे." तिनं त्याचा हात धरून हळूच खाली केला. मग त्याच्या गाडीवरचा पाण्याचा कॅन काढून आपल्या गाडीला बांधला. "चल. माझ्या मागून ये."

"अगं, शेवटी तू असतेस ना?"

"आज तू," ती म्हणाली आणि तिनं गाडी डावीकडे वळवली. समोर धूळसुद्धा दिसत नव्हती.