दुसरा फेरा

संशय कुलपासारखा असतो. उंबऱ्याबाहेर लावला तर तो घर राखतो. आत लावला तर आपल्याच माणसांना कोंडतो. हा विवेक कुलूपवाल्या काकांना ठाऊक नव्हता असे नाही. परंतु जन्मभर इतरांची दारे उघडणाऱ्याला कोणतेही बंद दार निर्दोष वाटेनासे होते.

"बाबा, करखात्याकडून पैसे परत आले! परीक्षेच्या फीची सोय झाली," कॉलेजात शिकणारी त्यांची लेक आत येता येता म्हणाली.

"वाघाच्या तोंडातून शेळी परत आलेली पाहिलीस कधी?"

"अहो, औषधांच्या दुकानात संध्याकाळी काम करते ना, तिथे पगारातून कर कापत होते. माझी वर्षाची कमाई ती केवढी! तिच्यावर कर लागतच नाही. मी विवरणपत्र भरलं, त्यांनी परत केले."

"मागितले आणि दिले! हरिश्चंद्रच लागून गेले! खरं सांग, कुणी दिले?"

लेकीचा चेहरा उतरला. "माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वासावर जग चाललं असतं तर माझी कुलपं कुणी घेतली असती?"

"स्वतःच्या सावलीचीही झडती घ्याल तुम्ही!" स्वयंपाकघरातून पत्नी कडाडली.

दुसऱ्या दिवशी लेक कॉलेजला गेल्यावर काकांनी तिचे कपाट उघडले. कुलूप त्यांनीच घडवलेले. दुसरी किल्ली त्यांनी न सांगता जवळ ठेवली होती. आत कुणाची भेटवस्तू नव्हती. घडीचे कपडे, पुस्तके, आणि फाटलेल्या तळव्याला चिकटपट्टी लावलेली एक चप्पल. त्यांनी कपाट पूर्ववत बंद केले.

सायंकाळी लेकीने किल्ली फिरवली. दार उघडले नाही. तिने पुन्हा एकदा फिरवली तेव्हा ते उघडले, आणि ती तशीच उभी राहिली.

"बाबा, मी एकच फेरा देते."

दोन फेरे देणे ही काकांच्या हाताची जुनी सवय होती. त्यांच्या हातातली कानस थांबली.

"काय सापडलं?" लेकीने विचारले.

"चप्पल," ते खालच्या मानेने म्हणाले. "सांगायचं नाहीस का, पोरी?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

काकांनी जुडग्यातली ती किल्ली काढली, शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळली आणि तिचे सगळे दात कानसून सपाट केले. मग ती लेकीच्या तळहातावर ठेवली. तिने मूठ मिटली.

जेवणानंतर तिने कपाट लावले. भिंतीपलीकडे बसलेल्या काकांच्या कानांनी आपसूक मोजले. एक फेरा. क्षणभर शांतता. मग दुसरा.

तो दुसरा फेरा देण्याची गरज त्या लेकीला एके दिवशी न वाटो. आणि तोवर तो ऐकण्याचे बळ त्या पित्याला लाभो.