चालतंय की

"काका, रोज चालतं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालतंय की!" हौसराव ऐटीत म्हणाले.

डॉक्टर दुसऱ्या राज्यातले, मराठी इथं येऊन शिकलेले. त्यांनी कागदावर लिहून टाकलं, पेशंट रोज चालतो. आता 'चालतंय की' म्हणजे आपलं बरं चाललंय, एवढंच; पण डॉक्टरांना ते कोण सांगणार? हौसरावांचं चालणं म्हणाल तर घरातून गाडीपर्यंत. शिरूरच्या वजनकाट्यावर ट्रकांची वजनं घेत माणूस बत्तीस वर्षं खुर्चीत बसलेला. पोटाच्या मोठ्या हर्नियाचं ऑपरेशन ठरल्यापासून तर ते खाटेवरून उतरेनातच. ताकद राखून ठेवायला नको?

पण शेजारी उभी असलेली सबीना पक्की दौंडची. पेशंटकडून व्यायाम करून घ्यायचं तिचं काम. तिला हसूच आवरेना.

"सर, काका वेगळंच बोलतायत. काका, पायानं किती चालता?"

"पायानं? गाडी हाय की!"

तिनं त्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यात चालवलं. दुसऱ्याच फेरीला हौसराव भिंत धरून धापा टाकायला लागले. डॉक्टरांनी कागदावरचं खोडलं आणि ऑपरेशन पाच आठवडे पुढं ढकललं. "आधी दम वाढवा. नाहीतर नंतर छातीत कफ भरेल, न्युमोनिया होईल."

हौसरावांचा चेहरा उतरला. त्यांचे थोरले भाऊ, आप्पा, तसेच गेले होते. ऑपरेशन झालं झकास, आणि मग छाती भरली.

"पण आप्पानं आधी महिनाभर अंथरूण सोडलं नव्हतं गं," ते म्हणाले. "लई जपलं व्हतं त्याला."

"म्हणून तर चाला म्हणते, काका," सबीना हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून हौसराव निघाले घोडनदीच्या पुलाकडं. पोटाला पट्टा, अंगात स्वेटर. "ह्याला कसलं डोंबलाचं ऑपरेशन? गडी तर हिंडतोय!" म्हणून लोक हसले. पहिल्या आठवड्यात पूल काही आला नाही. संध्याकाळी सबीनाचा फोन ठरलेला.

"आज कुठवर गेलात?"

"पुलापर्यंत!"

बायको नकुशीनं फोन हिसकावला. "थापा मारतायत गं पोरी! टपरीवर च्या पीत बसले व्हते."

पाचव्या आठवड्यात मात्र ते पुलाच्या पलीकडं जाऊन आले, आणि वाटेत कुठंही टेकले नाहीत.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सबीनानं त्यांना उठवलं. टाके असे ओढत होते की हौसरावांनी तिला ठेवणीतल्या दोन शिव्या हासडल्या. ती आपली हसत होती. पोटाशी उशी दाबून तिनं त्यांना खोकायला लावलं, धरून दारापर्यंत नेलं. छाती मोकळी राहिली.

घरी सोडायचं त्या सकाळी ती निरोप घ्यायला आली.

"पडून राहा काका, मी निघते."

"थांब, पोरी."

पलंगाची दांडी धरून ते खाली उतरले. नकुशीनं पुढं केलेला हात बाजूला सारून सरळ उभे राहिले. लेकीहून लहान पोरीला त्यांनी हात जोडले.

"आप्पा पाचव्या दिवशी गेला," ते म्हणाले. "आज माझा सहावा हाय."